रझिया मॅडमचं बेलफळ

धुतलेला फ्लास्क रझिया मॅडम खिडकीपाशी नेऊन उजेडात उलटा धरायच्या. काचेवरून पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं तर मान हलवायच्या. कुठे एखादा थेंब अडकून राहिला, की फ्लास्क परत माझ्या हातात. "थेंब थांबला म्हणजे आत कोणीतरी बसून राह्यलं अजून. त्याले आधी बाहेर काढ, मग आपलं काम सुरू कर."

चंद्रपूरच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ला रुजू झाले, तेव्हा पहिले कित्येक दिवस मी भांडीच घासली. मी सावली गावची, धानाच्या बांधावर वाढलेली. भांडी घासायला एवढी शिकले का, असं मनात यायचं. एकदा तोंडातून निघूनही गेलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझे अब्बा वरोऱ्याच्या बाजारात कल्हई करत. लोकाईले वाटे, कल्हई म्हणजे चमक. अब्बा म्हणत, चमक दोन मिनिटाची असते बेटा, मेहनत सगळी घासण्यात जाते. मी त्याईचीच पोरगी. फक्त पितळेच्या जागी काच आली."

त्या राहायच्या घुग्घुसला. नवरा खाणीत पाळीवर, म्हणून बिऱ्हाड तिथे. रोज बसने यायच्या. ओढणीवर, भुवयांवर कोळशाची बारीक काळी धूळ असायची. आल्याबरोबर बेसिनपाशी हातपाय, तोंड स्वच्छ धुवायच्या, पांढरा कोट चढवायच्या आणि मगच प्रयोगशाळेच्या आत पाऊल टाकायच्या. धिप्पाड बाई, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. विद्यार्थ्यांना घाबरवायच्या आणि स्वतःच्या डब्यातला खिमा जबरदस्तीने खायलाही घालायच्या. मी माळकरी घरची, माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी आणायच्या आणि वर म्हणायच्या, "तुझ्यापायी मले रोज दोन भाज्या कराव्या लागून राह्यल्या."

माझा विषय होता बेलफळ. आमच्याकडे पोट बिघडलं की बेलाचा गर देतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या गरात नेमकं काय काय आहे, त्यातलं एकेक संयुग सुटं करायचं, शुद्ध करायचं आणि ते कोणतं हे सिद्ध करायचं, असं काम होतं. उन्हाळ्यात आम्ही दोघी गडचिरोलीकडच्या जंगलातून पोतंभर पिकलेली बेलं आणली. गर सावलीत वाळवला, कुटला, द्रावकात भिजवला. मग तो अर्क सिलिकाची पूड भरलेल्या उभ्या काचनळीतून थेंब थेंब उतरवत बसायचं. एका नळीत एक पदार्थ वेगळा उतरला तर नशीब, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

वर्षभराच्या खटपटीनंतर एका भागाचा तपासणीच्या प्लेटवर एकच ठिपका आला, म्हणजे आत एकच पदार्थ. पिवळसर, दाटसर तेल. एकदम शुद्ध. नमुना बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला आणि आलेल्या आलेखांवरून संयुगाची रचना बसली. बेलफळात हे संयुग कोणी नोंदवलेलं नव्हतं. मी प्रयोगशाळेतून धावत सुटले. प्राचार्यांनी पेढे मागवले. गावातल्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला, 'सावलीच्या लेकीचा शोध' म्हणून. माझ्या बापाने ते कात्रण दुकानादुकानात नेऊन दाखवलं. कॉलेजात चर्चासत्र ठरलं होतं, बाहेरची मोठी माणसं येणार होती, आणि त्यात मी हा शोध मांडणार होते.

सगळ्या गडबडीत मॅडम तेवढ्या रिपोर्ट घेऊन बसल्या होत्या. त्या संयुगाचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रिपोर्ट बरोबर आहे. पण हे नाव मी दुसरीकडं वाचलं. प्लास्टिक नरम राहावं म्हणून त्यात टाकतात ते हे."

"पण मॅडम, दुसऱ्या झाडांतूनही लोकांनी काढलंय. छापून आलंय."

"आलं असंन. आपण आपलं पाहू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः प्रयोग लावला. आम्ही वापरत होतो तेच द्रावक, तेवढंच मोजून घेतलं. ते ज्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये यायचं, त्याच कॅनमधून. काचेच्या बाटल्या वाटेत फुटतात म्हणून कॅन मागवायचं मॅडमनीच ठरवलं होतं. बाकी सगळ्या पायऱ्या तशाच केल्या. फक्त त्यात बेल घातलं नाही. द्रावक उडून गेल्यावर तळाशी पिवळसर काहीतरी चिकटलेलं उरलं. ते आणि माझं तेल, दोन्ही एकाच प्लेटवर शेजारी शेजारी चढवले आणि प्लेट दिव्याखाली धरली. दोन ठिपके, अगदी एका उंचीवर.

मॅडमनी बोट ठेवलं. "यात फळ आहे. यात फळ नाई. ठिपका दोन्हीकडं आहे. मग ठिपका कोणाचा, सांग."

मी प्लेट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"आपण बेल नाई काढलं बेटा," त्या म्हणाल्या, "आपण डबा काढला."

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. एक वर्ष गेलं होतं. बाप गावभर कात्रण दाखवत होता. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि माझं रडणं पुरतं होऊ दिलं. मग उठल्या आणि मला घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

प्राचार्यांनी ऐकून घेतलं, दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. कॉलेजची तपासणी तोंडावर होती. ते म्हणाले, "मॅडम, पत्रिका छापल्या, पाहुणे निघाले. पोरीचं भाषण होऊन जाऊ द्या. नंतर हळूच बाजूला सारू. कोणाला कळणार आहे?"

"मले कळलं नं सर. आता माझ्या डोक्याले कल्हई करू काय?"

"पण कॉलेजचं नाव जाईल."

"मी घेते नं बोलून सर्व्यासमोर. पोरीनं नाई बोलायचं. कॅन मी मागवले होते."

चर्चासत्राच्या दिवशी माझं नाव पुकारलं, तेव्हा माझ्या जागी मॅडम उभ्या राहिल्या. सभागृह भरलेलं. त्यांनी आधी आमचा गाजलेला शोध पडद्यावर दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी दोन ठिपक्यांची प्लेट दाखवली आणि काय झालं ते सरळ सांगितलं. कोणते कॅन, कोणतं द्रावक, काहीही न वगळता. "ही चूक माझी आहे, माझ्या विद्यार्थिनीची नाही. बिनफळाची चाचणी आम्ही पहिल्या दिवशी करायला पाहिजे होती. तुम्ही आपापल्या प्रयोगशाळेत जाऊन करा, एवढीच विनंती." सभेपुढे त्यांची भाषा अशी शुद्ध व्हायची.

टाळ्या वाजल्या नाहीत. मागे कोणीतरी हसलं. चहाच्या वेळी दोन प्राध्यापक आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मॅडमनी मात्र बशीतली दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं मला दिलं आणि म्हणाल्या, "बेलं कवा पिकतात? एप्रिल-मे नं? चला तर मग."

मी त्या दिवशी सावलीला फोन केला. बापाने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "तुझी मॅडम सर्व्यासमोर खरं बोलली? मग तिचा पाय सोडू नको."

पुढच्या उन्हाळ्यात सगळं नव्याने सुरू केलं. प्लास्टिकचा तुकडाही आत येऊ द्यायचा नाही. द्रावक काचेतच घेऊन आम्ही ते स्वतः पुन्हा ऊर्ध्वपातित केलं. चंद्रपूरच्या उन्हात द्रावक नुसतं झाकण उघडलं तरी उडायचं. ओले टॉवेल गुंडाळून आम्ही नळ्या थंड ठेवायचो. प्रत्येक टप्प्यावर एक बिनफळाची चाचणी सोबत चालायची आणि ती कोरी निघाली की मगच पुढचं पाऊल.

एका दुपारी एका चंबूत पांढुरकं काही धरलं होतं. मॅडमनी काचकांडीने आतून चंबूची भिंत हळूच खरवडली. बघता बघता त्या जागेपासून स्फटिकांच्या सुया फुटायला लागल्या. बारीक, पांढऱ्या, एकीतून दुसरी. मॅडम ओरडल्या, "पाह्य, पाह्य! बसलं पाह्य!" त्यांचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट होता की नंतर वळ राहिले.

त्या सुया म्हणजे मार्मेलोसिन निघालं. बेलाच्याच शास्त्रीय नावावरून नाव पडलेलं, फार पूर्वीच कोणीतरी काढून ठेवलेलं संयुग. आलेख जुळले, तरी मॅडमचं समाधान होईना. एका जुन्या प्रयोगशाळेतून त्यांनी खात्रीचा नमुना मागवला. तीन बारीक नळ्या भरल्या: एकीत त्यांचं, एकीत आमचं, एकीत दोन्ही मिसळून. दोन्ही वेगळी असतील तर मिसळलेलं लवकर वितळतं. तिन्ही एकत्र तापवत भिंगातून मी पाहत होते. तिन्ही नळ्यांतले कण एकाच वेळी वितळले.

"जुनंच निघालं मॅडम," मी म्हटलं. मनात थोडं खट्टू वाटलंच.

"जुनं आहे, पण खरं आहे. आणि बेलाचं आहे. तुले अजून काय पाहिजे बाप्पा?"

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यात नवीन काय?" मी म्हटलं, "सर, संयुग नवीन नाही. पण ते फळातूनच आलंय, हे मी प्रत्येक पायरीवर दाखवू शकते." त्यांनी माझ्या प्रबंधातलं बिनफळाच्या चाचण्यांचं प्रकरण उघडलं, सावकाश वाचलं आणि पुढे काही विचारलं नाही. मॅडम कोपऱ्यात ओढणीने चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला एक अनोळखी गृहस्थ आले होते. सिरोंच्याकडचे, तेलुगू वळणाची मराठी बोलणारे, आता दूरच्या एका विद्यापीठात शिकवणारे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी माइक मागून घेतला. म्हणाले, "त्या चर्चासत्रात मी मागच्या रांगेत होतो. मॅडम बोलल्या तेव्हा जो हसला, तो माझा मित्र. मी हसलो नाही, कारण माझ्याही प्रबंधात तेच तेल होतं. परत जाऊन मी बिनफळाची चाचणी केली आणि प्रबंध थांबवला. आज माझ्याकडे पोरं शिकतात. फळाला हात लावायच्या आधी ती बिनफळाची चाचणी करतात. तिला आमच्याकडे 'रझिया' म्हणतात. 'रझिया लावली का?' असं विचारतात."

सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पंख्यांचा आवाज बुडाला. प्राचार्य, तेच प्राचार्य, सगळ्यांत आधी उभे राहिले होते.

हारतुऱ्यांतून मॅडम उठल्या, त्या गृहस्थांजवळ गेल्या आणि माइक सुरू आहे हे विसरून विचारलं, "मग? तुमच्या फळातून पुढं काही निघालं का नाई?"

"निघालं मॅडम."

"खरं?"

"खरं."

"मग बसा, जेवूनच जा," त्या म्हणाल्या आणि स्वतः त्यांच्यासाठी ताट वाढायला निघाल्या.