चढावरची मेंढरं
घोंगडी उन्हात टाकली की तिच्या वासानं मला कुरकुंभचा चढ आठवतो. तिथं सलग दोन दिवस घड्याळ लावून सायकलींची शर्यत होती. दोन्ही दिवसांच्या वेळा मिळून निकाल लागायचा. कंपनीत पाळ्या करणारा एक कामगार पहिल्या दिवशी सर्वांत पुढं होता. दुसऱ्या दिवशी वळणावर मी स्वयंसेवकाचा बिल्ला लावून, झेंडा घेऊन उभा होतो. तो येतानाच कुणाची तरी मेंढरं रस्त्यावर पसरली. सायकलवरून उतरून तो ओरडला, “आबा, हाका की! कालचं समदं पाण्यात चाललं!” मी नुसता झेंडा हलवत राहिलो. तो हरला. “मेंढरं कुणाचं ऐकत्यात व्हय?” असं मी पंचांना सांगितलं. माझं ऐकलं असतं. माझं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलंय. पण छातीवर बिल्ला लावून मेंढक्यासारखी हाळी द्यायची मला लाज वाटली. हे त्याला सांगायचंय, पण तो आता कुठं असतो, कुणालाच ठाऊक नाही.