दोन कोर्टांमधला पुकारा

जहीरभाई कोर्टात पट्टेवाले होते, आणि त्यांचं मुख्य काम ओरडण्याचं. खटला निघाला की दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. जुन्या कोर्टाच्या कौलारू व्हरांड्यातून त्यांनी हाक दिली की समोरच्या मोहाच्या झाडाखाली बसलेली माणसं धोतर झटकत उठत. घरी जेवण मागतानाही तोच सूर. बायको, शकिलाभाभी, म्हणायच्या, "एकदाच हाक मारा जी. मी काही फरार नाई."

२००३ च्या उन्हाळ्यात कोर्ट हललं. ब्रह्मपुरी रोडला, बसस्टँडच्या पुढं, दुमजली इमारत उभी राहिली होती. चकचकीत फरशी, लोखंडी बाकं. जुन्या दाराला कुलूप लागलं. नव्या इमारतीत जहीरभाईंचा आवाज भिंतींवर आपटून त्यांच्याच कानात परत यायचा. तारखेला येणारी माणसं कमी झाली, पण भाताच्या रोवणीचे दिवस, बांधीत चिखल तुडवत असतील, असं सगळ्यांनीच धरून चाललं.

त्याच दिवसांत बुधरीबाईची तारीख चुकली. जंगलातून बांबू आणल्याचा खटला, जामिनावर असलेली म्हातारी. जहीरभाईंनी पुकारलं, कोणी आलं नाही, त्यांनी आत वळून 'गैरहजर' म्हटलं. वॉरंट निघालं. पोलिसांनी तिला घरून उचललं आणि चंद्रपूरच्या जेलात टाकलं.

रोवणी आटोपली तेव्हा तिला पुन्हा कोर्टात आणलं. तिचे वकील गुणवंतराव यांनी सुटकेचा अर्ज दिला.

"नवा जामीनदार उभा करा, सोडतो," न्यायाधीश म्हणाले. "नाहीतर परत चंद्रपूर."

"हिची लेक येणार आहे साहेब. सोमारी. तिच्या नावावर धानाची बांधी आहे, सातबारा घेऊन येतेय."

"पुकारा."

जहीरभाईंनी तीनदा पुकारलं. जिन्यावरून त्यांचाच आवाज परत आला.

"जशी माय तशी लेक," बुधरीला घेऊन आलेला पोलीस शिपाई कुलदीप पुटपुटला. त्याला चंद्रपूरची गाडी गाठायची होती.

न्यायाधीशांनी पेन उचललं. तेव्हा बुधरी पहिल्यांदा बोलली.

"ते आली असन जी. कोर्टात बसली असन."

"हेच कोर्ट आहे, बाई," गुणवंतराव म्हणाले.

"हे?" ती छताकडे पाहत राहिली. "मले वाटलं, पोलिसायचं हापिस. कोर्ट तं मोहाखाली हाये."

कोणी हसलं नाही. विचारल्याशिवाय कोर्टात बोलायचं नसतं, तरी जहीरभाई दारातून आत आले.

"बाई, मागच्या तारखेले कुठी होती तू?"

"तिथीच. सकाळपासून. तुमच्या पुकाऱ्याची वाट पाहून राह्यली होती."

गुणवंतराव खाली पाहू लागले. न्यायाधीशांनी पेन ठेवलं.

"जहीर, जा. मी उठत नाही."

ते सायकल दामटत गेले. मोहाखाली सोमारी एकटी नव्हती. आणखी पाच-सहा जणं शिदोऱ्या सोडून बसली होती.

"सोमारी कोण? चल लवकर. तुह्या मायले परत जेलात नेऊन राह्यले."

तिशीतली एक बाई जागची हलली नाही. "पुकारा कुठी झाला जी? वकीलसाहेबानं सांगतलं हाये, नाव पुकारल्याबिगर जागा सोडू नको."

"अवो, दाराले कुलूप हाये. दिसत नाई का?"

"साहेब उशिरा येत असन, असं वाटलं."

"आन् तो कागद? कोर्ट हललं म्हणून लावला ना दारावर."

"कागद तं त्या दारावर नेहमीच असते."

जहीरभाई व्हरांड्यावर चढले, कुलपाकडे पाठ केली.

"सोमारी लहानू मडावी, हाजिर हो."

तिसऱ्या हाकेला सोमारी सातबारा पदरात बांधून उठली. आणि तिच्यासोबत बाकीचेही उठले.

"तुम्ही काऊन उठले?"

"आमची बी तारीख हाये," एक म्हातारा म्हणाला. "पुकारा सुरू झाला ना आता?"

"मागच्या तारखेलेही इथीच होते?"

"मंग कुठी जाऊ?"

सोमारीनं पायरीशी आडवी पडलेली सायकल उचलून उभी केली. "भाऊ, माय थांबली हाये ना?"

सोमारीला कॅरिअरवर बसवून ते निघाले. बाकीचे मागून चालत आले. न्यायाधीश बसून होते. जामिनाच्या कागदावर सोमारीचा अंगठा झाला, बुधरी सुटली. मग मागून आलेल्यांची नावं एकेक करून पुन्हा पुकारली गेली, आणि प्रत्येक नावाला माणूस उभा राहिला.

कोर्ट उठल्यावर जहीरभाई बाहेर आले. मायलेकी पायऱ्यांवर थांबल्या होत्या. बुधरी पुढं आली, आवाज बारीक करून म्हणाली,

"भाऊ, जेलातल्या बाया पुसत, तारखेले काऊन नाई गेली. मी म्हणे, गेली होती, पण झपकी लागली असन मले. भाऊनं तं पुकारलंच असन."

"तुले झपकी नाई लागली, बाई. मी इथी पुकारून राह्यलो होतो."

बुधरीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून आतल्या रिकाम्या बाकांकडे.

"इथी?" ती म्हणाली. "कोणाले?"