तारणातलं बेअरिंग

पाणी कंपनीत त्याला सगळे कानवाला म्हणायचे. पेचकसाचं टोक पंपाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून पंपाची तब्येत सांगायची, ही त्याची खोड. वरच्या पंपघरात बावीस वर्षं काढली त्याने. भिंतीतल्या फळीवर नोंदवह्यांची चळत होती, आणि त्यांतल्या ‘बंद’ या रकान्यात एक अक्षर नव्हतं. पंपाला जोड होती तोवर एकाची दुरुस्ती दुसऱ्यावर निभायची. पुढे जोड मोडीत गेली, तरी याने एकट्या पंपाला थांबू दिलं नव्हतं.

एवढं असून माणूस सुखी असावा की नाही? कुठलं काय! खालच्या पंपघरात त्याचा साडू होता.

खालचं पंपघर नवंकोरं. बारा वर्षांपूर्वी कंपनीने तीस वर्षांच्या फेडीवर भलं थोरलं कर्ज काढलं, त्यातून ते उभं राहिलं. गुळगुळीत फरशी, आवाज न करणारे पंप, साहेबांसाठी वेगळी खोली. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, कालचा पोरगा, तो तिथला प्रमुख झाला! आणि कानवाल्याच्या वाट्याला गळकं छप्पर. त्याने नवा पंप मागितला की हिशेबनीस कराराचा कागद पुढे सरकवायचा.

“अर्धं कर्ज फिटेपर्यंत दुसरं कर्ज काढायचं नाही, असं लिहून दिलंय आपण. मी काय करू?”

“अर्धं फिटेल कधी?”

“तुम्ही निवृत्त झाल्यावर.”

हे ऐकून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कर्ज सगळ्या कंपनीच्या डोक्यावर, आणि मजा एकट्या साडूची! घरी बायकोने बहिणीचं नाव काढलं तरी हा ताटावरून उठायचा. “साडूबुवांना काय, बटण दाबलं की झालं. आमच्यासारखे हात काळे करून दाखवा म्हणावं.”

मग एका सकाळी वरच्या पंपाचं बेअरिंग बोलायला लागलं. पेचकस कानाला लावायचीही गरज नव्हती, खरखर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. नवीन मागवायचं तर सहा आठवडे. जुन्यावर चालवलं तर शाफ्टच जायचा. बावीस वर्षांचा कोरा रकाना आता भरणार होता.

साडूला विचारायचं? छे, जीभ झडली असती. पण दुपारी साडूच आला, पिशवीत एक खोकं घेऊन. आत त्याच मापाचं बेअरिंग, कर्जातून घेतलेल्या सुट्या भागांपैकी. खोक्यावर पितळी बिल्ला, त्यावर क्रमांक.

“दादा, हे कर्जाच्या तारणातलं आहे. नट-बोल्टसुद्धा जागचा हलवायचा नाही असा करार आहे. कर्ज देणाऱ्यांच्या मोजणीला अजून चार महिने आहेत, तोवर तुमचं येईल.”

“उपकार करताय?”

“तसं समजा हवं तर.”

दुसऱ्या पहाटे कानवाल्याने बेअरिंग तेलात तापवलं आणि रात्रपाळी संपून सकाळपाळीचं पाणी सुटायच्या आधल्या दोन तासांत, उंच टाकी भरलेली असताना, शाफ्टवर चढवलं. तेवढी उसंत पंपाला रोजच असायची, ती ‘बंद’मध्ये धरत नसत. पंप असा गोड चालला की ऐकत राहावं. आणि तेच त्याला सोसेना. तीन आठवडे तो रोज तो आवाज ऐकायचा आणि मनात साडूच्या नावाने बोटं मोडायचा.

एका सकाळी नऊला फोन वाजला. पलीकडे साडू. “दादा, कर्ज देणाऱ्यांचा मोजणीवाला आजच येतोय. तीन वाजता.”

“मग?”

“मग काय... तुम्ही बघा.”

पंप थांबवा, असं तो म्हणाला नाही. तेवढंसुद्धा म्हणाला नाही बिचारा. एक नग कमी भरला तर त्याची नोकरी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कानवाल्याने फोन ठेवला आणि स्टुलावर बसला. खोटं कशाला सांगा, आधी त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं. नुसतं बसून राहायचं होतं. साडूची फरशी, खोली, तोरा, सगळं दुपारपर्यंत उतरलं असतं आणि याचा रकाना कोरा राहिला असता. ऐन वेळी बेअरिंग निघालंच नाही म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं?

सवयीने त्याने पेचकस उचलला, कानाला लावला. आत साडूचं बेअरिंग फिरत होतं, एकसारखं, तक्रार न करता.

“मेल्या, तू आलासच कशाला त्या दिवशी!” तो मोठ्याने म्हणाला, आणि उठून बटण बंद केलं.

बेअरिंग पुलरने ओढून उतरवायचं म्हणजे घाईचं काम नाही. त्याने एक ओरखडा येऊ दिला नाही. रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं, तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात घातलं आणि दोनच्या आत स्कूटरवरून खाली पोचवलं. टाकी तोवर रिकामी झाली होती. वरच्या वस्तीतून फोनवर फोन आले, आयाबहिणींचा उद्धार झाला. संध्याकाळी मोजणी उरकल्यावर साडू तेच खोकं घेऊन धापा टाकत वर आला, तेव्हा कुठे सातला पंप सुरू झाला.

मग नोंदवही उघडली. ‘बंद: दहा तास.’ पुढे ‘कारण’. खरं लिहिलं तर साडू गेला. पंपावर ढकललं तर तपासायला माणसं येणार, बेअरिंग बघणार. शेवटी त्याने लिहिलं, ‘चालकाचा हलगर्जीपणा.’

चौथ्या दिवशी त्याला ठपक्याचं पत्र मिळालं. साडूला प्रशस्तिपत्र.

रविवारी साडूकडे जेवायला जावं लागलं. समोरच्याच भिंतीवर प्रशस्तिपत्राची चौकट. मेहुणीने ती वाचूनही दाखवली. “‘सुटे भाग नव्यासारखे राखले आहेत, विशेषतः बेअरिंगची निगा वाखाणण्याजोगी.’ बघा भावजी!”

“आणि आमच्याकडे बघ,” बायको म्हणाली. “बावीस वर्षं मिरवलं, आणि शेवटी झोपा काढल्या.”

साडूने घास ताटात ठेवला. “ताई, खरं सांगू का, त्या दिवशी...”

“साडूबुवा, जेवा गुमान. गार होतंय.”

कानवाल्याने चौकटीकडे पाहिलं. निगा याच्या हातची, नाव साडूचं! तो उठला, भिंतीपाशी गेला.

“खिळा वाकडा ठोकलाय,” तो म्हणाला आणि डाव्या हाताने चौकट सरळ करून परत ताटावर बसला.