उरलेली बाजू पुढच्या शुक्रवारी

शनिवारी सकाळी फोन आला, हसनभाईंच्या खोलीतल्या जोडीदाराचा. "भाभी, हसनभाई नहीं रहे..." मी चक्क म्हटलं, "काहीतरीच काय! काल तर आमच्याकडे जेवून गेले!" जणू जेवून गेलेला माणूस मरत नाही. झोपेतच गेले. शवपेटी विमानाने मुंबईला आणि तिथून रत्नागिरीला गेली आणि त्यांच्या रेकॉर्डी दुबईत, करामातल्या आमच्या घरी राहिल्या.

नव्वदच्या दशकात हसनभाई अल क्वोज या गोदामांच्या वस्तीतल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. दुबई सोडून निघालेल्या गोऱ्यांचं सामान तिथे विकायला यायचं. त्यातून हे गृहस्थ साठच्या दशकातल्या अमेरिकन पोरींच्या रेकॉर्डी उचलायचे. लाटांवर फळी घेऊन घसरायचं वेड तेव्हा तिकडे होतं, त्या वेडाची गाणी. तीन-चार मैत्रिणी जमून गायच्या, एखादी रेकॉर्ड निघायची, कुणी घ्यायचं नाही, की पोरी आपापल्या संसाराला. गाजलेल्यांना हसनभाई हात लावत नसत. "त्यांना ऐकायला दुनिया आहे, वहिनी. ह्या बिचाऱ्यांना कोण?" मी छेडायची, "तुम्हाला इंग्रजी किती कळतं?" "समुद्र कळतो ना! ह्यांच्या समुद्राला सुक्या मासळीचा वास नाही, एवढंच."

एकदा जुम्म्याच्या नमाजाला जाताना त्यांनी रेकॉर्डींचा गठ्ठा गाडीतच ठेवला, तोही जुलैत! परत येईतो सगळ्यांचे पापड. माणूस रडकुंडीला आला. खोलीवर ठेवून तरी काय उपयोग, तिथे चौघांच्या पाळ्या, कुणी ना कुणी झोपलेला, आवाज करायची सोय नाही. "आणा इकडे, आमच्या एसीत राहतील," मी म्हटलं. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज आटोपून ते यायचे, स्वतः साफ केलेली सुरमई घेऊन. जेवण झालं की रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसून लावायचे... एकच बाजू. आमची रुचा वैतागायची, "अंकल, जस्ट फ्लिप इट!" "खलास, बेटा. उरलेली बाजू पुढच्या शुक्रवारी, इन्शाल्ला."

काय मेला हा कंजूषपणा, असं मला वाटायचं. एकदा न राहवून मी म्हटलं, "हसनभाई, रेकॉर्ड नसली तरी जेवायला या हो." पण पुढच्या वेळीही त्यांनी दुसरी बाजू राखून ठेवलीच. बायको-मुलांपासून वर्षानुवर्षं लांब राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात बसायला काहीतरी निमित्त लागतं... फार एकटे होते हो.

त्या शेवटच्या शुक्रवारची छोटी रेकॉर्ड प्लेअरवर तशीच होती. झाकण उघडायचा मला इतके आठवडे धीर झाला नाही. परवा जेवणं झाल्यावर आमच्या ह्यांनीच ती उलटली. चाल तीच, गिटारही तीच... पण पोरी काही गाईनात. छोट्या कंपन्या खर्च वाचवायला मागच्या बाजूला नुसती वाद्यं भरत, हे हसनभाईंनीच कधीतरी सांगितलं होतं. ठाऊक असूनही, त्या कधी गायला लागतात म्हणून आम्ही दोघं शेवटपर्यंत बसून राहिलो. मग ह्यांनी सुई उचलली, आणि पुढच्या शुक्रवारसाठी काही उरलं नाही.