शिवाजीनगरातला सण आणि शांताक्कांची खुर्ची

"ताई, या वेळेला तरी सणाला ये," धाकटी बहीण सुनीता फोनवर अशा सुरात म्हणाली की गुडघ्यांचं निमित्त सांगायला तोंडच उरलं नाही. बंगळुरूतल्या त्यांच्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा हंगामाचा सण होता. मिरजेहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी यशवंतपूर. जाणार असाल तर खालची बर्थ मागून घ्या आणि शाल हाताशी ठेवा. तिथली सकाळ आपल्याला चांगलीच गार लागते.

स्टेशनवर सुनीताचा नवरा सुधाकरराव न्यायला आले होते. मूळचे निपाणीकडचे, मंडळीचे सेक्रेटरी. चहा विचारायच्या आधीच मला घाऊक बाजारात घेऊन गेले. सणाला देवापुढे शेतातलं पहिलं पीक ठेवायचं असतं, आणि इथं शेत कुणाचंच नाही, म्हणून भोपळे, कोबी, उसाची मोळी, सगळं विकतचं. मी मांडीवर भोपळा घेऊन रिक्षात बसले. "स्वल्प ट्रॅफिक, अम्मा," रिक्षावाला म्हणाला. स्वल्प म्हणजे थोडं, पण या शहरात त्या शब्दावर विश्वास ठेवू नका. गर्दी टाळायची तर मेट्रो बरी, शिवाय स्वस्तही, पण भोपळा नसेल तर.

अडकलेल्या रिक्षात सुधाकररावांनी मनातलं सांगितलं. मंडळी बंगळुरूच्या शिवाजीनगरात एका बेकरीवरच्या हॉलमध्ये भरते. मालकाने नाताळनंतर हॉल सोडायला सांगितला होता. महादेवपुऱ्यातले एक मोठे मराठी उद्योजक सणाला येणार होते आणि त्यांची एक जागा रिकामी पडून होती. "त्यांच्या मनात आलं तर कायमचं छप्पर होतंय बघा, ताई. नाहीतर मंडळी फुटणार. जो तो घराजवळच्या चर्चला जाईल, मग मराठीत उपासना कुठली?" मला त्यांची फार दया आली.

दुपारी बसस्टँडजवळ ताटाएवढी तट्टे इडली खाल्ली. एकच घ्या, दुसरी संपत नाही. वर फिल्टर कॉफी.

रविवारी बेकरीतल्या ताज्या पावाचा वास जिन्यातून वर येत होता. हॉलमध्ये सगळे जमखान्यावर बसतात. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी भिंतीलगत बाकडं, आणि हातांची खुर्ची एकच. ती शांताक्कांची. चार घरची धुणीभांडी करून आयुष्य काढलेल्या, आता दोन्ही गुडघे गेलेल्या. बाकावरून त्यांना उठता येत नाही, हातांवर जोर द्यावा लागतो. त्या दिवशी ती खुर्ची उशी घालून प्रभुभोजनाच्या मेजाजवळ मांडली होती.

"अक्का, आज एक दिवस बाकावर बसा की," सुधाकरराव हळूच म्हणाले. "मोठे पाहुणे येणार आहेत."

"सरी, अण्णा," असा कन्नडमध्ये होकार देत अक्का भिंत धरत बाकाकडे निघाल्या. मला ते बघवेना.

पाळकांनीही ते पाहिलं. ते वयाने तरुण, बोलायला मवाळ. गीत सुरू करायच्या ऐवजी खाली आले. "अण्णा, हे मेज कुणाचं?"

"प्रभूचं."

"मग आपण कोण?"

सुधाकरराव खुर्चीवरची उशी सारखी करू लागले.

"आपण बोलावलेले. काही जवळ नसताना बोलावलेले. त्याने बोलावताना आपली ऐपत बघितली नाही. मग इथं कोण वर, कोण खाली, हे आपण कसं ठरवायचं? तो स्वतः गरीब होऊन आला, अण्णा. आज आला असता तर आपण त्याला बाकावरच बसवलं असतं."

"पण छप्पर जातंय, पास्टर."

"जाऊ दे. अक्कांना उठवून मिळालेल्या छपराखाली आपण गाणार काय?"

सगळा हॉल ऐकत होता. मग सुधाकररावांनी स्वतः खुर्ची उचलून जागेवर ठेवली, उशीसकट, आणि अक्कांचा हात धरून त्यांना बसवलं. सुधाकररावांचे डोळे भरले होते. माझेही.

पाहुणे उशिरा आले. चपला काढून दाराजवळ, माझ्या शेजारी जमखान्यावर बसले. नंतर पंगतीत त्यांना आमच्यासारखाच भात आणि भोपळ्याची भाजी. जागेचा विषय कुणी काढला नाही, त्यांनीही नाही. नमस्कार करून गेले.

घरी परतून आता पंधरवडा झाला. गुडघे कुरकुरतायत, पण मी गेले याचं समाधान मोठं आहे. लहानपणापासून ज्या मेजाला जात आले, तिथं मलाही काही न बघता बोलावलंय, हे यंदा मनापासून उमजलं. देवाचे आभार मानते, आणि सुनीताचेही.

काल तिचा फोन आला. जागेचं अजून काही नाही, हॉल शोधणं चालू आहे. पण ते पाहुणे उपासनेला परत आले होते. दारातच बसले, आणि वाट अडली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आमचे हे म्हणाले, स्वल्प सरका अण्णा, मागं माणसं उभी आहेत."

"आणि ते?"

"सरकले की."