जागेवरून हलणारा स्टिअरिंग बॉक्स

"वळणावर गाडी माझं ऐकत नाही हो!" फ्राऊ केलर तिसऱ्यांदा सांगत होत्या. त्या सुईण होत्या. फ्रँकफर्टजवळच्या डोंगरातल्या गावांत बाळंतपणं करायला युद्धाआधीच्या जुन्या गाडीतून एकट्या फिरत. त्या गाडीचं स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकं ढिम्म.

मायस्टर, म्हणजे आमच्या वर्कशॉपचे प्रमुख, पुण्याहून कामाला आलेल्या मला म्हणाले, "जोगळेकर, स्टिअरिंग बॉक्स झिजलाय. स्क्रू आवळा आणि गाडी देऊन टाका."

स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. तिचा स्क्रू आवळला की आतले दाते जवळ येतात. मी आवळला आणि चक्कर मारून आलो. स्टिअरिंग जड झालं, वळणानंतर आपसूक सरळ येईना. ढिलेपणा मात्र होता तेवढाच. मी स्क्रू पूर्ववत केला.

मग जॅकवर पुढची चाकं उचलली. चाक वर-खाली धरून हलवलं. ते ज्या खिळीवर वळतं, ती किंगपिन ठीक होती. आडवं धरून हलवलं. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे सांधेही ठीक.

"आल्झो, अस्सं," मायस्टर म्हणाले, "पुण्यात गाडीची नाडी बघतात वाटतं?"

सगळे हसले. मला झोंबलं, पण गाडी सोडायची नाही हे ठरलं होतं. चाकं हवेत असताना कशावरच जोर येत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं. गाडी पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, चाकं जमिनीवरच ठेवून.

"मायस्टर, तुम्ही स्टिअरिंग हलवत राहा. मी खाली उतरतो."

ते कुरकुरत सीटवर बसले. मी एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. काही नाही. शेवटी बॉक्सवर तळवा ठेवला, तर अख्खा बॉक्सच सरकत होता! तेल-चिखलाचा थर खरवडला. तो गाडीच्या ज्या सांगाड्याला, चासीला, बसवला होता, तिलाच बोल्टच्या भोकापासून बोटभर भेग गेली होती.

"मायस्टर, खाली या."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. वर येऊन फ्राऊ केलरना म्हणाले, "गाडी आज मिळणार नाही."

"मला दोन घरी जायचंय. बाळं तुमच्यासाठी थांबत नाहीत!"

मी म्हणालो, "उतारावर ही भेग फाटली तर स्टिअरिंग फिरवाल, पण गाडी वळणार नाही."

त्या स्टुलावर बसल्या. हळूच म्हणाल्या, "परवा एका अडलेल्या बाईला याच गाडीतून खाली आणलं मी."

मायस्टरांनी स्वतःच्या गाडीची किल्ली घेतली. "चला, मी सोडतो."

दोन दिवस ते त्यांचे ड्रायव्हर होते. तोवर मी भेग वेल्ड केली, वर जाड पट्टी बसवली. मग स्टिअरिंग बोटभर फिरवलं की चाकं वळू लागली. मायस्टरांनी घाटात गाडी चालवून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

ढिलं काय आहे हे कळेपर्यंत काहीही आवळू नये. आवळल्याचं समाधान मिळतं, दुरुस्ती होत नाही.