मालक मागच्या घरात

गल्लीतले लोक त्यांना चष्मेकाका म्हणत. चौकातल्या दुकानात त्यांनी उभी हयात लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात घालवली. आपल्याला स्वतःला मात्र नाकासमोरचंही दिसत नाही, असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगत. गिऱ्हाइकांना तो विनय वाटे. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ती साधी माहिती वाटे.

दुकान बंद केलं, मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि दोन मजली घरात दोघंच उरली. काकूंच्या गुडघ्यांनी जिन्याशी वैर धरलं होतं. गाडी विकल्यापासून मागचं गॅरेज रिकामं होतं; रिकामं म्हणजे काकांच्या भाषेत. मोडके स्टँड, डाग पडलेले आरसे आणि ‘कधीतरी लागेल’ असं बरंच काही त्यात कोंबलेलं होतं. काकूंनी सुचवलं की गॅरेजचं छोटं घर करून भाड्याने देऊ. काकांनी आठवडाभर नाक मुरडलं आणि नंतर ती कल्पना आपलीच असल्यासारखी गावभर सांगत सुटले.

परवानगी आली, गवंडी आला, आणि काका अंगणात खुर्ची टाकून देखरेखीला बसले. न्हाणीघराचं दार आतल्या बाजूला उघडलं पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. आत जागा नाही, असं गवंड्याने समजावून पाहिलं. पण काकांनी तो तत्त्वाचा प्रश्न केला. दार बसलं. ते आतून लावायचं तर कमोडवर चढावं लागतं, असं निघालं. काही बिघडत नाही, असं म्हणत काकांनी चढून दाखवलं. चढले ते चढले, उतरता येईना. गवंड्याने बिजागऱ्या काढून मालकांना बाहेर घेतलं. दुसऱ्या दिवशी दार मुकाट्याने बाहेर उघडू लागलं. काकूंनी खुर्ची उचलून पुढच्या फाटकाशी नेऊन ठेवली, आणि तिथून पुढे काम झपाट्याने झालं.

घर छानच झालं. मोठी खिडकी, हाताशी सगळं येईल असा ओटा, आणि एकही पायरी नाही. काका भाडेकरू पारखायला बसले. येईल त्याला ते इतके प्रश्न विचारत, की एका संगीतशिक्षकाने शेवटी विचारलं, “काका, खोली द्यायचीये की मुलगी?”

मग एक दिवस बस चालवणारी एक बाई आली. सोबत तिची आई आणि दोन मुलं. चौघांना ही जागा कशी पुरणार, असं काका आवाजात जमेल तेवढं दुःख आणून सांगणार, तोच काकू त्या बाईला म्हणाल्या, “इकडे या, पुढचं घर बघा.”

काकांना वाटलं, शेजारचं दाखवतेय. काकूंनी स्वतःचंच दाखवलं. वरच्या खोल्या, गच्ची, सगळं. परत आल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, मागचं घर आपल्याला पुरेल. मी ते आपल्यासाठीच बांधून घेत होते. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुम्ही आठवडा नाही, वर्षभर विरोध केला असता.”

 दोन दिवस काका रुसून बसले, पण रुसायलाही त्या नव्या खिडकीतच बरं वाटत होतं.

मोठं घर त्या बाईला देऊन दोघं मागे राहायला गेले, आणि पहिल्याच महिन्यात काकांनी पराक्रम केला. सकाळी फिरून आले ते सवयीने सरळ मोठ्या घरात शिरले आणि स्वयंपाकघरात डबे उघडून काही खायला मिळतंय का ते बघू लागले. त्यांच्या पाठीमागे बस चालवणाऱ्या बाईची आई चहाचा कप घेऊन बसली होती. तिने त्यांना सगळे डबे उघडू दिले. मग म्हणाली, “मालक, बिस्किटं वरच्या फळीवर आहेत. पुढच्या वेळी बेल वाजवा, मी काढून ठेवीन.”

काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी बिस्किटं त्यांनी घेतली.

मग मोठ्या घरातून तक्रारी येऊ लागल्या. न्हाणीघराची कडी लागत नाही, जिन्याची एक पायरी डुगडुगते, वरची खिडकी उघडत नाही. हे सगळं काकू वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या आणि ‘जुन्या घरात असं असायचंच’ या एका वाक्यावर काकांनी ते निभावलं होतं. भाडेकरणीला ते वाक्य ऐकवायची त्यांची छाती झाली नाही. ते पाना-हातोडी घेऊन निघाले. अंगठा ठेचून घेतला, पण पायरी घट्ट बसली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. “मी बायको कशाला झाले?” त्या म्हणाल्या. “भाडेकरू व्हायला हवं होतं.”

सुट्टीला मुलगी आली. तिची खोली आता दुसऱ्याच मुलांची झाली होती. तिला ते लागेल, या धास्तीने काकांनी एक लांबलचक खुलासा तयार ठेवला होता. तो ऐकायला कोणी थांबलं नाही. मुलीने दुपारी जमिनीवर गादी टाकली, काकू पलंगावर आडव्या झाल्या, आणि मायलेकींच्या गप्पा रंगल्या. हातभर अंतरावर काका पेपर तोंडासमोर धरून बसले होते. काका कमोडवर चढल्याची गोष्ट काकू सांगत होत्या, आणि मुलगी उशीत तोंड खुपसून हसत होती.

काकांना आधी राग आला. मग वाटलं, मोठ्या घरातही या अशाच हसत असणार. आपण वरच्या मजल्यावर, म्हणून ते कधी ऐकू आलं नाही, एवढंच. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, “बिजागऱ्या काढल्या, तो भाग तू नीट सांगत नाहीस.” आणि तो त्यांनी स्वतःच सांगायला घेतला.